पुडीचे वजन आणि मृत्यूचे उत्तरदायित्व

आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींनी पावन झालेली, योगेश्वरीच्या कृपाछत्राखाली नांदणारी अंबाजोगाई २००६ सालच्या उन्हाळ्यात दोनदा हादरली. पहिला आघात ३ मे रोजी झाला. याच गावात वाढलेले, येथेच शिकलेले आणि बीड जिल्ह्याच्या या मातीतून राष्ट्रीय राजकारणात झेपावलेले प्रमोद महाजन यांची मृत्यूशी चाललेली झुंज त्या दिवशी संपली. २२ एप्रिल रोजी सख्ख्या भावाने झाडलेल्या गोळ्यांनी ते घायाळ झाले होते. ते दुःख ओसरण्यापूर्वी, जवळपास एका महिन्याने, २ जून रोजी दिल्लीहून दुसरी वार्ता आली. ७, सफदरजंग मार्ग या महाजनांच्या निवासस्थानातून त्यांचे सचिव विवेक मैत्रा आणि पुत्र राहुल महाजन यांना पहाटे अपोलो रुग्णालयात नेण्यात आले होते. मैत्रा यांना मृत घोषित करण्यात आले. राहुल महाजन यांची प्रकृती चिंताजनक होती. कारण म्हणून अंमली पदार्थांचे नाव पुढे आले.

पहिल्या वार्तेने गाव रडले, दुसऱ्या वार्तेने गावाने मान खाली घातली. ज्या घराकडे हजारो कार्यकर्ते आदराने पाहत होते, त्या घरातून अशी बातमी यावी, ही वेदना शब्दांत मांडण्यासारखी नव्हती. विरोधकांनी त्या वेदनेवर मीठ चोळले, वाहिन्यांनी त्या घटनेचा तमाशा केला, आणि स्वकीयांनी बहुतांशी मौन पत्करले. त्या मौनात एक प्रश्न मात्र विचारायचा राहून गेला. तो प्रश्न राजकारणाचा नव्हता. तो न्यायाचा होता.

प्रमोद महाजन यांच्या मृत्यूचे उत्तरदायित्व न्यायालयाने निश्चित केले. डिसेंबर २००७ मध्ये प्रवीण महाजन यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. मग विवेक मैत्रा यांच्या मृत्यूचे काय? राहुल महाजन यांना रुग्णालयातून बाहेर पडताच अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली अटक झाली, पुढे जामीन मिळाला. इतरही काही जण पकडले गेले. त्यांच्या दोषाचा वा निर्दोषत्वाचा निवाडा करणे हे कोणत्याही नियतकालिकाचे काम नव्हे. परंतु या प्रकरणातील तपासाचा आणि चर्चेचा सारा भर कोणी काय बाळगले, कोणी काय सेवन केले आणि ते कोठून आणले यावर राहिला. एक माणूस जिवानिशी गेला, ही गोष्ट जणू त्या पंचनाम्यातील एक नोंद होऊन बसली.

तराजूत पुडी, तराजूबाहेर प्राण

हा एखाद्या तपास अधिकाऱ्याचा दोष मानणे चुकीचे ठरेल. दोष कायद्याच्या रचनेतच आहे. एनडीपीएस या नावाने ओळखला जाणारा १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा गुन्ह्याची तीव्रता प्रामुख्याने वजनावर ठरवतो. हेरॉईनचे पाच ग्रॅमपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ आणि अडीचशे ग्रॅमपासूनचे ‘व्यापारी’ मानले जाते. कोकेनसाठी हेच आकडे दोन ग्रॅम आणि शंभर ग्रॅम आहेत. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षांचा सश्रम कारावास आहे. अल्प प्रमाणासाठी मात्र कमाल शिक्षा एक वर्षाची आहे.

आता वस्तुस्थिती पाहावी. सवय नसलेल्या माणसाचा प्राण घेण्यास हेरॉईनच्या एका ग्रॅमचा अंशही पुरतो. याचा अर्थ असा की, ज्या पुडीने माणूस मरतो ती पुडी कायद्याच्या दृष्टीने नेहमीच ‘अल्प’ असते. विक्रेत्याकडे मोठा साठा सापडला तर गोष्ट वेगळी. परंतु त्याने हिशेबाने पुडीपुरताच माल जवळ ठेवला, तर ती पुडी घेऊन एक तरुण दगावला काय किंवा वाचला काय, त्या पुडीसाठी या कायद्याखालची शिक्षा तीच. आणखी विचित्र गोष्ट अशी की, याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे हेरॉईन वा कोकेनचे केवळ सेवन करणाऱ्यासही एक वर्षापर्यंतच शिक्षा आहे. ज्याने विष दिले आणि ज्याने ते घेतले, त्या दोघांना कायदा जवळजवळ एकाच मापाने मोजतो. तराजूत पुडी आहे. गेलेला प्राण त्या तराजूत ठेवण्याची सोयच नाही.

मग सामान्य फौजदारी कायद्याकडे वळावे लागते. २००६ साली तो भारतीय दंडविधानाचा होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याची शिक्षा पूर्वी कलम ३०४ अ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत होती. नव्या संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत नेली आहे. सदोष मनुष्यवधासाठी कलम १०५ आणि विष वा गुंगीकारक द्रव्य देऊन इजा करण्यासाठी कलम १२३ आहे. कलमे आहेत, परंतु त्यांच्या वाटेत एक जुना आणि पक्का न्यायतत्त्वाचा अडसर उभा आहे.

१९६२ साली मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार मृत्युमुखी पडले. परवान्याच्या अटी मोडून कारखाना चालविणाऱ्या व्यवस्थापकावर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कुरबान हुसेन मोहमदअली रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले की, आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे दूरचे निमित्त असून चालणार नाही. ते निकटचे आणि प्रत्यक्ष कारण असले पाहिजे. आगीचे निकटचे कारण दुसऱ्याच एका कामगाराची कृती होती. व्यवस्थापक या आरोपातून सुटला. हे तत्त्व चुकीचे नाही. त्यानेच निरपराध माणसाचे रक्षण होते. परंतु अंमली पदार्थांच्या मृत्यूला तेच लावले, की बचाव पक्षाचे वकील सहज विचारतात : पुडी दिली कोणी हा प्रश्न वेगळा, ती नाकाशी नेली कोणी? मेलेल्यानेच ना? आणि मेलेला माणूस उत्तर देण्यास न्यायालयात येत नाही.

जगाने काय केले?

हा पेच केवळ भारतापुढे नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने केनेडी खटल्यात निर्णय दिला की, सज्ञान माणसाने समजून-उमजून, स्वेच्छेने स्वतःला सुई टोचून घेतली असेल, तर केवळ सिरिंज भरून देणाऱ्यास मनुष्यवधासाठी दोषी धरता येणार नाही. पुरवठ्याचा गुन्हा त्याला चिकटतो, मृत्यूचा नाही. परंतु दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, तेथील अपील न्यायालयासमोर वेगळी हकीकत आली. एका तरुणीने आपल्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला हेरॉईन मिळवून दिले. मुलीची अवस्था बिघडत चालली आहे हे तिला आणि मुलीच्या आईला दिसत होते. आपण अडचणीत येऊ या भीतीने दोघींनीही रुग्णवाहिका बोलावली नाही. सकाळी मुलगी मृत आढळली. त्या तरुणीची मनुष्यवधाबद्दलची शिक्षा न्यायालयाने कायम केली. ज्याने धोका निर्माण केला, त्याच्यावर तो निस्तरण्याचेही कर्तव्य येते, असा या निकालाचा आशय आहे.

अमेरिकेत याच्या दुसऱ्या टोकाला गेलेला कायदा आहे. १९८६ साली लेन बायस हा बास्केटबॉलचा उदयोन्मुख खेळाडू कोकेनने मरण पावला. देशभर क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने, पुरविलेल्या पदार्थामुळे मृत्यू घडल्यास किमान वीस वर्षांच्या शिक्षेची तरतूद आली. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाला त्या कायद्याला लगाम घालावा लागला. तो पदार्थ नसता तर मृत्यू झालाच नसता, हे सिद्ध झाल्याखेरीज ती शिक्षा देता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

प्रसिद्ध व्यक्तींच्या प्रकरणांत मात्र अमेरिकी न्यायव्यवस्थेने एक धडा घालून दिला आहे. मायकेल जॅक्सन २५ जून २००९ रोजी प्रोपोफोल या भूल देण्याच्या औषधाने मरण पावला. ते औषध त्याच्या शयनगृहात देणारा त्याचा खासगी डॉक्टर दरमहा दीड लाख डॉलर मोबदला ठरवून नेमलेला होता. रुग्णवाहिका बोलावण्यास झालेला विलंब आणि आलेल्या पथकापासून औषधाचे नाव दडविणे या गोष्टी खटल्यात ठळकपणे मांडल्या गेल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये त्या डॉक्टरला मनुष्यवधासाठी चार वर्षांची शिक्षा झाली. अभिनेता मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये केटामाइनने गेला, तेव्हा पाच जणांवर आरोप ठेवले गेले : दोन डॉक्टर, एक विक्रेती, एक मध्यस्थ आणि पेरीच्या घरी राहणारा त्याचा स्वतःचा सहायक, ज्याने त्याला इंजेक्शने दिली होती. पाचही जणांनी गुन्हा कबूल केला. ज्यांनी त्याच्या पैशावर आयुष्य काढले, त्यांनीच त्याला मृत्यूच्या वाटेवर सोबत केली.

गोव्याच्या किनाऱ्यावर

हे सारे साता समुद्रापलीकडचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. गोव्याच्या हणजूण किनाऱ्याने दोन मृत्यू पाहिले आहेत. फेब्रुवारी २००८ मध्ये एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह तेथे सापडला. प्रारंभी बुडून मृत्यू म्हणून प्रकरण मिटण्याच्या बेतात होते. तिच्या आईने हट्ट सोडला नाही म्हणून ते उभे राहिले. २०१६ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांपैकी एकाला गुंगीकारक द्रव्य देणे, विनयभंग आणि सदोष मनुष्यवध यांसाठी दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. अकरा वर्षे लागली. परंतु नशेच्या अवस्थेतील माणसाचा मृत्यू हा कोणाचातरी गुन्हा असू शकतो, हे याच देशातील न्यायालयाने, याच देशातील कायद्याने दाखवून दिले.

दुसरा मृत्यू ऑगस्ट २०२२ मधला, सोनाली फोगाट यांचा. दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री आणि भारतीय जनता पक्षाच्या हरियाणातील नेत्या असलेल्या फोगाट अवघ्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. आरंभी हृदयविकाराचा झटका असे सांगितले गेले. कुटुंबीयांनी शंका घेतली, शवविच्छेदन झाले, आणि पेयातून मेथॅम्फेटामाइन पाजल्याचा आरोप पुढे आला. त्यांच्या बरोबरच गोव्यात आलेल्या दोन सहकाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. सप्टेंबरमध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि नोव्हेंबरमध्ये आरोपपत्र दाखल झाले. आरोप सिद्ध होणे वा न होणे हे न्यायालयाच्या हाती आहे. पण दिल्लीतील २००६ आणि गोव्यातील २०२२ यांत एक भेद उघड दिसतो. दुसऱ्याच्या पेयात लपवून विष कालविल्याचा आरोप असेल, तर प्रचलित कायद्यात खुनाचे कलम लावता येते. जेथे चार जण एकत्र बसून स्वेच्छेने ते विष घेतात आणि त्यांतला एक उठत नाही, तेथे कायदा गप्प बसतो. बहुसंख्य मृत्यू या दुसऱ्या प्रकारचे असतात.

खोलीत कोण होते?

यावर सोपा उपाय सुचतो तो असा की, त्या खोलीत जे जे होते त्या सर्वांवर मनुष्यवधाचा गुन्हा लावावा. संताप समजण्यासारखा आहे, परंतु हा उपाय रोगापेक्षा घातक ठरेल. त्याचे कारण शरीरशास्त्रात आहे. हेरॉईन मेंदूतील श्वसनाच्या केंद्राला मंद करत जाते. जोडीला मद्य असेल तर ती गती आणखी वाढते. माणूस घोरू लागतो, ओठ निळे पडतात, श्वास थांबत जातो. हे एका क्षणात होत नाही. त्याला काही मिनिटे, कधी तास-दोन तास लागतात. या अवधीत नॅलॉक्सोन हे औषध मिळाले, तर थांबत आलेला श्वास पुन्हा सुरू होतो. म्हणजे पुडी घेणे आणि मृत्यू येणे यांच्यामध्ये एक मोकळा काळ असतो. या काळात माणूस वाचणार की मरणार, हे बहुधा शेजारी बसलेल्यांच्या हाती असते. आणि शेजारी बसलेला त्या वेळी एकाच गोष्टीचा विचार करत असतो : पोलीस आले तर माझे काय होईल? त्याच्या डोक्यावर मनुष्यवधाची तलवार टांगली, तर तो दूरध्वनी उचलणार नाही. तो दार ओढून घेईल, खोली पुसून काढील आणि निघून जाईल.

म्हणून उत्तरदायित्वाचे विभाजन विवेकाने झाले पाहिजे. विष पुरवून पैसा करणारा हा पहिला. त्याने दिलेल्या पदार्थाविना मृत्यू घडलाच नसता हे सिद्ध झाले, तर पुडीचे वजन कितीही अल्प असो, त्याला कठोर शिक्षा देणारे स्वतंत्र कलम एनडीपीएस कायद्यात असले पाहिजे. दुसरा, जागा देणारा. जाणूनबुजून आपले घर, हॉटेल वा फार्महाउस अशा सेवनासाठी वापरू देणे हा कलम २५ प्रमाणे आजही गुन्हा आहे. प्रश्न ते कलम वजनदार माणसाच्या बंगल्यावर लावण्याच्या धैर्याचा आहे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे सोबती. त्याने वेळेवर मदत बोलावली, तर त्या रात्रीच्या त्याच्या स्वतःच्या सेवनाबद्दल त्याला संरक्षण मिळावे. त्याने ती बोलावली नाही, उलट पुरावा दडविला, तर त्या मृत्यूचा वाटा त्याच्या पदरात पडावा.

हे संरक्षण म्हणजे गुन्हेगाराला दिलेली सवलत, अशी शंका कोणी घेईल. परंतु भारतीय कायद्याला हा विचार परका नाही. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागू नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. डॉक्टरांपुरता प्रश्न तर १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सुटला : आधी उपचार, मग पोलिसी सोपस्कार. व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतल्यास त्याला खटल्यातून सूट देणारे कलम ६४ अ एनडीपीएस कायद्यातही आहे. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसासाठी जे औदार्य कायद्याने दाखविले, ते बंद खोलीत कोसळलेल्या मित्रासाठी दाखविण्यास अडचण कोणती?

दिल्ली आता दूर नाही

२००६ साली अंबाजोगाईकरांना वाटले असेल की, ही दिल्लीची, बड्या बंगल्यांची, पैशाने सुजलेल्या वर्तुळाची व्याधी आहे. आज ते समाधानही उरलेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठण परिसरात महसूल गुप्तचर संचालनालयाने कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइनचा सुमारे अडीचशे कोटी रुपयांचा साठा पकडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापुरात, आई भवानीच्या दारात, एम.डी. म्हणजे मेफेड्रोनच्या विक्रीचे प्रकरण उघड झाले आणि आरोपींत काही पुजाऱ्यांची नावे आल्याने श्रद्धावंत समाज सुन्न झाला. बीड जिल्ह्याच्या दोन्ही अंगांना हा वणवा पोहोचला आहे. उद्या कोसळणारा तरुण कोणा मोठ्या नेत्याचा सचिव असणार नाही. तो वसतिगृहातला, शिकवणीच्या वर्गातला, एखाद्या सुसंस्कृत घरातला मुलगा असेल. त्याच्या मृत्यूवर वाहिन्या चर्चा करणार नाहीत. ‘हार्टफेल’ म्हणून गावात सांगितले जाईल आणि अब्रूच्या भीतीने घरचेच लोक शवविच्छेदन नाकारतील.

येथे समाजाचे उत्तरदायित्व सुरू होते. संस्कारांचा आग्रह धरणाऱ्या समाजाने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मोठ्या माणसाभोवती जे वर्तुळ जमते, त्यात ‘हे चुकते आहे’ असे सांगणारा माणूस टिकत नाही. हांजीहांजी करणारे राहतात, स्पष्ट बोलणारे दूर होतात. नेता असो, अभिनेता असो वा गावातला धनिक, त्याच्या मुलाला लवकर कानपिचक्या देणारा कार्यकर्ता हा त्या घराचा खरा हितचिंतक असतो. आणि जेव्हा आपल्याच घरातून अशी वार्ता येते, तेव्हा मौन बाळगणे ही निष्ठा नव्हे. १९८६ साली पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण उभे केले, ते व्यसन हा लपविण्याचा कलंक नसून उपचार करण्याचा आजार आहे, या श्रद्धेवर. चार दशकांनंतरही ती श्रद्धा तालुक्याच्या गावी पुरती पोहोचलेली नाही.

कायदा बदलण्यास काळ लागेल. एक गोष्ट मात्र आजच करता येण्यासारखी आहे. प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक शाखेत, प्रत्येक घरात मुलांना सांगितले जावे की, मित्र शुद्धीवर येत नसेल तर आधी १०८ क्रमांक फिरवावा, त्याने काय घेतले ते डॉक्टरांना खरे खरे सांगावे, आणि मगच स्वतःच्या भवितव्याची चिंता करावी. अंबाजोगाईत तर १९७४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मदत हाकेच्या अंतरावर आहे. हाक मारणारा हवा.

त्या उन्हाळ्यातील दोन मृत्यूंपैकी एकाला न्यायालयात उत्तर मिळाले. दुसऱ्याने विचारलेला प्रश्न जवळजवळ वीस वर्षे तसाच उभा आहे. पुडीचे वजन करणारा तराजू देशाकडे आहे. गेलेल्या प्राणाचे मोल करणारा तराजू अजून घडवायचा आहे.